सायकलचे स्वस्त पार्ट घेताना या चुका टाळा

ऑनलाइन स्वस्त की दुकानात, हा प्रश्न नंतरचा. मागवलेला पार्ट बसलाच नाही, तर वाचलेले शे-दीडशे रुपये काय चाटायचे? बहुतेक वेळा घोळ दराचा नसतो, मापाचा असतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'सव्वीसच्या टायर'मध्ये. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही सव्वीसच. पण टायर रिमवर जिथे बसतो तो व्यास पहिल्याचा ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५९०. २६ × १ १/२ चा ५८४, म्हणजे चक्क २७.५ च्या एमटीबीइतका (माउंटन बाइकइतका)! जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १ १/२ हा ६३५ चा, आणि नुसतं '२८' शोधलं तर ६२२ चे टायरही समोर येतात. तेव्हा इंचांच्या नादी लागू नका. जुन्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत '४७-५५९' असं काहीतरी असतं: आधी रुंदी, मग हा व्यास. तो जुळला तर खुशाल मागवा. अक्षरं झिजली असतील तर चाक काढा आणि सरळ दुकान गाठा.

दुसरी नेहमीची तक्रार: 'नवी चेन टाकली, चढावर खटखट उडते, माल खराब निघाला.' चेन बिचारी चांगली असते, मागचे दाते झिजलेले असतात. जुनी चेन काढण्याआधी पट्टी लावा. पिनेच्या मध्यापासून मोजल्यावर बारा इंचांवर बरोबर पिन यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली असेल तर फक्त चेन बदला. १/८ गेली असेल तर फ्रीव्हीलही, म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र, घ्यावं लागणार. आणि साध्या सायकलची १/८ इंच रुंदीची चेन गिअरवाल्या सायकलला चालत नाही.

फ्रीव्हील मात्र दुकानातच घ्यावं, असं माझं मत. पॅडल मारून मारून ते इतकं आवळलेलं असतं की बरोबर खाचांचा पुलर (ते काढायचं हत्यार) आणि व्हाइस (शिकंजा) नसेल तर हलतसुद्धा नाही. ऑनलाइन घ्यायचंच असेल तर आपल्या चाकावर आटे आवळून बसवलेलं फ्रीव्हील आहे की हबवर सरकवून बसवलेला दात्यांचा संच, म्हणजे कॅसेट, हे आधी बघा. दाते उलटे फिरवल्यावर पुलर बसतो त्या खाचाही सोबत फिरल्या तर कॅसेट.

छर्रे, केबल, ब्रेक रबर, कॉटर पिन यांच्यासाठी डिलिव्हरीचे पैसे देण्यात अर्थ नाही. क्रँक (पॅडलचा दांडा) पक्का धरणारी ही कॉटर पिन तर कारागीर कानशीने घासून जुळवतो, ते घरपोच कसं येणार?

दुकानातही डोळे उघडे ठेवा. हब (चाकाचा मधला भाग) खोलला की छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते कोन आणि कटोरी स्वतः बघा, खड्डे पडलेत का. जुन्या छर्ऱ्यांत दोन-चार नवे मिसळू देऊ नका, सगळे एकदम बदलून घ्या. आपण आणलेला पार्ट बसवून घ्यायचा असेल तर मजुरी आधीच ठरवा, आणि हो, मेकॅनिकच्या कपाळावरची आठी गृहीत धरा.

पॅडल ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. मोठ्यांच्या सायकलींना सहसा ९/१६ इंची लागतात, मुलांच्या काही सायकलींना १/२. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पहिले काही फेरे हातानेच फिरवा; अडलं तर पाना लावण्याआधी 'एल' आणि 'आर' तपासा. जोर लावलात तर आटे जाऊन क्रँकचाही खर्च निघतो.