ब्लाउजच्या कात्रणांतून गोधडीचे चौकोन

मी ठाण्यातल्या नौपाड्यात घरीच ब्लाउज शिवते. अस्तरासकट एक ब्लाउज कापून झाला की टेबलावर ठरलेलंच उरतं. गळ्याचा अर्धगोल, मुंढ्याजवळचे वाकडे कोपरे, बाहीच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण आणि किनारीलगतची लांब, अरुंद पट्टी. यातलं बहुतेक सगळं गोधडीत जातं, आणि चांगलं जातं. तुकडा लहान आहे म्हणून गोधडी बिघडत नाही. एकाच चौकोनात वेगवेगळ्या जातीची कापडं शेजारी आली की बिघडते. म्हणून कात्री हातात घेण्याआधीचं काम मी आधी सांगते.

गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेला तुकडा गिऱ्हाइकाचा असतो. वीतभर कापड उरलं तरी मी ते ब्लाउजसोबत घडी करून परत देते आणि अगदी बारीक कात्रणं ठेवू का, असं विचारते. कळव्याहून येणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "अगं, ठेव की, पण माझ्या इरकलीचा तुकडा कुठे लागला ते मला दाखव." तेव्हापासून मी ओळखीच्या गिऱ्हाइकांना चौकोन झाल्यावर बोलावून दाखवते.

आता निवडणं. रंगाप्रमाणे नाही, पोताप्रमाणे निवडा. एका ढिगात सुती: अस्तराचं कॅम्ब्रिक, पॉपलीन, रुबिया, सुती साडीचे ब्लाउजपीस. दुसऱ्यात रेशमी आणि जरीचं. तिसऱ्यात कृत्रिम धाग्याचं, म्हणजे क्रेप, जॉर्जेट, सॅटिन. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिएस्टर आटत नाही. दोन्ही एका शिवणीत आली तर पहिल्याच धुण्यात सुती बाजू आखडते, दुसरी फुगते आणि चौकोन पापडासारखा वर येतो. कापड कोणतं ते कळत नसेल तर चार धागे काढून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी होतो. खणाच्या बाबतीत तर हे कराच, कारण खण म्हणून मिळणारं सगळंच कापड सुती किंवा रेशमी नसतं.

पहिल्या गोधडीसाठी फक्त सुती ढीग घ्या. जरीचे काठ अभ्र्याला किंवा भिंतीवर लावायच्या तुकड्याला शोभतात. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात जरी अजिबात नको, कातडीला टोचते.

अस्तर आपण शिवण्याआधी भिजवतोच, त्यामुळे त्याची कात्रणं आधीच आटलेली असतात. बाकीची बादलीत तासभर भिजवा. मशीनमध्ये टाकू नका, धागे निघून सगळ्याचा गुंता होतो. लाल, मरून, गर्द निळा आणि काळा यांची वेगळी परीक्षा घ्या: ओल्या तुकड्यावर पांढरा रुमाल ठेवून दाबा. रुमालावर रंग उतरला तर तो तुकडा पुन्हा धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊनही रंग सुटत राहिला तर तो गोधडीत घेऊ नका. मीठ घालून रंग पक्का होतो असं पुष्कळ जणी सांगतात, पण रुमालाच्या परीक्षेवर माझा जास्त विश्वास आहे. ठाण्यात जून ते सप्टेंबर कापड आतून वाळत नाही. तेव्हा धुतलेली कात्रणं पंख्याखाली पूर्ण सुकवून, वर इस्त्री फिरवूनच पिशवीत भरा, आणि पिशवी कापडाची असू द्या. प्लास्टिकमध्ये दमट कापडाला बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते मग जात नाहीत.

चौकोनाचं माप मी शिवून 8 इंच धरते. म्हणजे गोधडीला जोडण्याआधी चौकोन साडेआठ इंचांचा हवा, कारण चारी बाजूंनी पाव पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राहणारं कापड, जाते. साडेआठ इंचांचा एक चौकोन जाड पुठ्ठ्याचा किंवा जुन्या एक्स-रे फिल्मचा कापून ठेवा. सगळे चौकोन शेवटी यावर ठेवूनच छाटायचे. फिरत्या पात्याचा कटर आणि त्याखालची चटई असेल तर काम भराभर होतं, पण नसली तरी धारदार कात्री, टेलर खडू आणि स्टीलची पट्टी पुरते.

आपल्यासारख्या ब्लाउज शिवणाऱ्यांना पाव इंच माया हीच सर्वांत कठीण गोष्ट वाटते. आपला हात अर्ध्या, एक इंचाचा. पुढे ब्लाउज सैल करायला लागेल म्हणून आपण कापड आत ठेवतो. इथे तसं चालत नाही. मशीनच्या सुईपासून उजवीकडे पाव इंच मोजा आणि पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावा; कापडाची कड त्या पट्टीला लागून चालवायची. मग दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडून इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच आली आणि मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली तर माया बरोबर आहे. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढच्या चौकोनात आडव्या रेषेवर सहा शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडांचं अर्धं अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत गेलं तर शेवटी चौकोन पाऊण इंचाने लहान भरतो.

सुई 14 नंबरची, टाक्याच्या लांबीचा आकडा दोन ते अडीचवर, दोरा राखाडी किंवा फिका बदामी. प्रत्येक रंगाला रीळ बदलत बसायची गरज नाही, हे दोन रंग सगळीकडे खपून जातात.

पहिला चौकोन लॉग केबिनचा करा, म्हणजे मधल्या एका चौकोनाभोवती फेरीफेरीने पट्ट्या जोडत जायच्या. नाव अमेरिकेतलं आहे. तिथे मधला चौकोन लाल ठेवून तो घरातली चूल मानायची रीत आहे. मला तो शिकवायला आवडतो, कारण किनारीलगतच्या लांब पट्ट्या त्यात पूर्णपणे लागतात. फक्त किनारीचा घट्ट विणीचा भाग आधी कापून टाका, तो कापडापेक्षा वेगळा आटतो. मधोमध अडीच इंचांचा चौकोन घ्या. भोवतीच्या सगळ्या पट्ट्या दीड इंच रुंद कापा. पहिल्या फेरीत अडीच, साडेतीन, साडेतीन आणि साडेचार इंच लांबीच्या पट्ट्या लागतात. दुसऱ्या फेरीत साडेचार, साडेपाच, साडेपाच, साडेसहा. तिसऱ्या फेरीत साडेसहा, साडेसात, साडेसात, साडेआठ. अशा बारा पट्ट्या झाल्या की चौकोन साडेआठ इंचांचा होतो. पट्टी जोडली, इस्त्री केली, चौकोन एकाच दिशेने वळवला, पुढची जोडली. दिशा मध्येच बदलू नका. प्रत्येक फेरीतल्या पहिल्या दोन पट्ट्या फिक्या आणि पुढच्या दोन गडद घेतल्या तर चौकोन तिरका अर्धा उजेडात, अर्धा सावलीत दिसतो. सगळी गंमत त्या तिरक्या रेषेत आहे. पुढे चौकोन फिरवून मांडताना तिच्यातूनच नक्षी तयार होते.

फिकं आणि गडद ठरवताना डोळे फसतात. पोपटी आणि केशरी दोन्ही भडक वाटतात, पण शेजारी ठेवले की सारख्याच उजळपणाचे निघतात आणि नक्षी पुसली जाते. मोबाइलवर तुकड्यांचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. तिथे जे काळपट दिसेल ते गडद. ब्लाउजच्या कात्रणांत फिकं कापड नेहमी कमी पडतं, कारण आपल्याकडे ब्लाउज बहुतेक गडद असतात. मी त्यासाठी गोखले रोडच्या मॅचिंग सेंटरमधून मोतिया आणि फिक्या बदामी रंगाचं सुती अस्तर अर्धा मीटर आणते. सगळी गोधडी उरलेल्याचीच हवी असा हट्ट करू नये. थोडं विकत घेतलेलं कापड बाकीच्या सगळ्याला उठाव देतं.

इस्त्रीबद्दल एवढंच की ती ठेवायची आणि उचलायची, ओढायची नाही. शिवण आधी मागून दाबा, मग पुढून. माया गडद कापडाच्या बाजूला वळवा, म्हणजे फिक्या कापडाखालून ती दिसणार नाही.

मुंढ्याचे आणि गळ्याचे तुकडे लॉग केबिनला चालत नाहीत. त्यांची एक तरी कड उरेप, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, असते. उभ्या धाग्यावर कापलेली कड ओढली तरी जागची हलत नाही, उरेप कड मात्र बोटाने ओढली तरी ताणली जाते, आणि असा तुकडा चौकोनाच्या बाहेरच्या कडेला आला की चौकोन लाटेसारखा होतो. यांच्यासाठी खाली आधार द्या. जुन्या मलमलच्या ओढणीचा किंवा झिजलेल्या चादरीचा नऊ इंचांचा चौकोन कापा. त्यावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक पट्टी सुलट बाजू वर करून ठेवा. तिच्यावर दुसरा तुकडा सुलटावर सुलट ठेवून कडेने शिवा, उघडून दाबा. असे दोन्ही बाजूंनी कोपरे भरेपर्यंत जोडत जा. पट्ट्या कमी-जास्त रुंद असल्या तरी चालतं, किंबहुना तशाच बऱ्या दिसतात. शेवटी चौकोन पालथा करून साडेआठच्या मापाने छाटा. आधाराचं कापड आतच राहतं आणि उरेप कडेला धरून ठेवतं. मधली पट्टी सगळ्यांत एकाच रंगाची ठेवली आणि असे चार चौकोन जुळवले की मधोमध शंकरपाळीचा आकार उमटतो.

आधार म्हणून कागदही वापरतात. तसं केलंत तर टाका बारीक, दीडवर ठेवा म्हणजे कागद सहज फाटून निघतो. वर्तमानपत्र नको, शाई फिक्या कापडाला लागते.

मग राहतात ते अगदी बारीक तुकडे. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी प्रत्येक वेळी हातात तुकडा धरून विचारायची, "ताई, हा टाकू?" तिला मी एकच माप दिलं: दोन्ही बाजूंनी दीड इंच असेल तर ठेव. दीड इंचाच्या तुकड्याचं शिवून एक इंच दिसतं. एक इंचाच्या तुकड्याचं अर्धाच इंच दिसतं आणि मागे मायेचा ढीग होतो. त्याहून लहान ते उशीत, किंवा सुया टोचायच्या गादीत भरण म्हणून. ठेवलेल्या तुकड्यांतले दोन घ्या, एक सरळ कड शोधून जोडा, दाबा, वाकडी बाजू पट्टी ठेवून सरळ कापा, तिसरा जोडा. आकार आधी ठरवू नका. हाताएवढा झाला की तसाच दुसरा करा आणि दोन्ही एकमेकांना जोडा. साडेआठपेक्षा मोठा झाला की मापाने छाटा. मशीनवर तुकड्यांची जोडी संपली की दोरा न तोडता लगेच दुसरी जोडी घाला. सगळ्या एका दोऱ्याला लटकत बाहेर येतात आणि मग एकदम कापता येतात. वेळ वाचतो, दोराही.

असा बारीक तुकड्यांचा चौकोन फार भरगच्च दिसतो. तो एकट्याने घ्या, शेजारी साधा एकरंगी चौकोन ठेवा. दोन भरगच्च चौकोन चिकटून आले की नजरेला विसावा मिळत नाही.

बाळाच्या दुपट्याला आडवे चार, उभे पाच असे वीस चौकोन पुरतात, 32 बाय 40 इंच होतं. एका माणसाच्या पांघरुणाला आठ बाय अकरा, म्हणजे 88 चौकोन, 64 बाय 88 इंच. एवढं मोठं काम पहिल्यांदा घेऊ नका. चौकोन जमिनीवर मांडून बघा, एक दिवस तसेच राहू द्या, येताजाता खटकेल तो हलवा.

आत कापूस किंवा फोम घालू नका. ठाण्याच्या हवेत पातळ गोधडीच पांघरली जाते आणि पावसाळ्यात जाड गोधडी वाळत नाही. मध्ये एक धुवट सुती साडी, खाली दुसरी, वर चौकोन. तिन्ही थर ताणून जमिनीवर अंथरा, मधून कडेकडे टाचे घाला आणि मग जाड सुती दोऱ्याने धावदोरा घाला. ओळींमध्ये एक ते दीड इंच अंतर राहू द्या. चौकोनांच्या शिवणींवर टाके घालू नका, तिथे मायेमुळे कापड जाड असतं आणि सुई अडते. शिवणीपासून पाव इंच आत या.

कडेला पट्टी लावताना ती सरळ धाग्यावर कापलेली असली तरी चालते, कारण कड सरळ आहे. उरेप पट्टी फक्त गोल कडेला लागते. पहिलं धुणं हाताने, गार पाण्यात, एकटीच गोधडी घेऊन करा, आणि पिळू नका. घडी करून दाबा, दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. एकाच दोरीवर ओली गोधडी टाकली तर तिच्याच वजनाने मधल्या चौकोनांच्या शिवणी ताणल्या जातात.