जनरल वॉर्डात शेजारच्या गर्दीचा त्रास होतो तेव्हा काय करावं

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. जळगावचं ऊन, वॉर्डात वीस खाटा, आणि शेजारच्या आठ नंबरच्या मावशींना भेटायला येणाऱ्यांची रीघ. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात. त्या, त्यांचे नवरे, दीर, गल्लीतली माणसं अशी सगळी क्रूझर भरून यायची. मावशींच्या खाटेवर बसायची, आमच्या स्टुलावर बसायची आणि दोन-दोन तास हलायची नाहीत. भेटायला आलेल्या माणसाला उठा कसं म्हणायचं, या संकोचात मी तीन दिवस गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा तांब्या उचलला, तर सकाळी भरला होता तेवढाच जड लागला. "पाणी का नाही प्यायलीस?" आईने डोळ्यांनीच शेजारी दाखवलं आणि पुटपुटली, "बाप्ये बसलेत ना तिथं. पाणी प्यायलं की भांडं मागावं लागतं."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी औषध बदललं आणि भरपूर पाणी पाजा म्हणून सांगितलं. त्या मंडळींचा हेतू वाईट नव्हता, पण माझं गप्प बसणं आईला महागात पडलं. त्यानंतरच्या आठ दिवसांत मी जे शिकले, ते तुमच्या घरचं माणूस ॲडमिट होईल तेव्हा उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

पहिल्याच तासात ओळख करून घ्या

खाट मिळाली, सामान लावलं, की दोन्ही बाजूंच्या खाटांकडे जा. कुठल्या गावचे, काय झालंय, ऑपरेशन कधी, एवढं विचारा. मग आपल्या पेशंटचंही सांगा: "आईचा खुबा मोडलाय, उठता येत नाही, खाटेवरच भांडं द्यावं लागतं. तेव्हा थोडी मदत करा." त्रास सुरू व्हायच्या आधी सांगितलेली गोष्ट विनंती वाटते. तीच तीन दिवसांनी, आवाज चढवून सांगितली की भांडण होतं.

या ओळखीत शेजारच्या घरातला कर्ता माणूस कोण ते हेरून ठेवा. आपल्याकडे पेशंटजवळ दहा माणसं असली तरी शब्द एकाचाच चालतो. कधी थोरले आबा असतात, कधी मोठी वहिनी, कधी गावातून गाडी घेऊन आलेला जावई. नंतर काही सांगायची वेळ आली तर सगळ्यांना उद्देशून बोलू नका, त्या एकाला बाजूला घेऊन सांगा. चार जणांसमोर टोकलं की माणसाला ते अपमानासारखं लागतं.

नक्की काय खुपतंय ते आधी ठरवा

"किती गर्दी करता तुम्ही!" या वाक्याने काहीच साधत नाही. ऐकणारा काय बदलणार? त्याऐवजी एकच नेमकी गोष्ट मागा. ड्रेसिंगच्या वेळी पुरुषांनी दहा मिनिटं बाहेर थांबावं. आमच्या खाटेवर कोणी बसू नये. मोबाईलचा स्पीकर बंद असावा. एका वेळी एकच मागणं, तेही लगेच करता येण्यासारखं.

आणि त्रास देणारा माणूस खरंच बेपर्वा आहे का, ते क्षणभर बघा. रात्री अचानक ओरडणारे, सलाईन उपसणारे, "मला घरी जाऊ द्या" म्हणून खाटेवरून उतरणारे म्हातारे बाबा पुष्कळदा मुद्दाम करत नसतात. अंगातला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, पाणी कमी पडणं, नवं औषध, यातल्या कशानेही वयस्कर माणसाला भ्रम होतो, आणि तो रात्री वाढतो. रोज दारू पिणाऱ्याची दारू ॲडमिट झाल्यावर एकदम तुटली, की दोन-तीन दिवसांत त्याचे हातपाय थरथरतात, नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात, आणि हे जिवावरही बेतू शकतं. अशा वेळी नातेवाइकांशी वाद न घालता सरळ सिस्टरला उठवा. "बारा नंबरचे बाबा संध्याकाळपासून वेगळंच बोलतायत" हे तुमचं एक वाक्य डॉक्टरांच्या फार कामाचं असतं.

धडगाव-अक्कलकुव्याकडून, सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेली कुटुंबं खाटेखाली सतरंजी टाकून झोपतात. त्यांना गर्दीत मोजू नका. रात्री परत जायला त्यांच्याकडे गाडी नसते आणि गावात ओळखीचं घर नसतं. त्यांच्यातल्या शाळा शिकलेल्या मुलाला मराठी येतं, त्याच्याशी शांतपणे बोला. बाहेर नातेवाइकांसाठी शेड कुठे आहे, पिण्याचं पाणी कुठे मिळतं, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं. तेवढं दाखवलंत तरी निम्मी अडचण सुटते.

बोलायचं कसं

बसून बोला. उभ्याने, कमरेवर हात ठेवून सांगितलेलं कितीही गोड असलं तरी दरडावल्यासारखं वाटतं. आबा, नाना, जिभाऊ, अक्का, जे शोभेल त्या नात्याने हाक मारा. अहिराणी येत असेल तर तीच बोला. धुळे, अमळनेर, पारोळ्याकडच्या माणसाला दवाखान्यात आपली बोली कानावर पडली की तो तिथेच निम्मा विरघळतो. यावल-रावेरकडचे असतील तर लेवा बोली.

चौथ्या दिवशी मी आठ नंबरच्या थोरल्या मुलाजवळ जाऊन बसले. म्हटलं, "जिभाऊ, एक सांगू का? माय बाप्यासमोर भांडं मांगत नही, म्हणून पाणीच पेत नही." तो गप्पच झाला. मग म्हणाला, "ध्यानमाच उनं नही ताई." लक्षातच आलं नाही, म्हणाला. त्यानंतर आईने माझ्याकडे नुसतं बघितलं, तरी तो आपणहून उठायचा आणि बाकीच्यांना घेऊन व्हरांड्यात जायचा. मी तक्रार मावशींच्या पाहुण्यांची केली नाही, आईची अडचण सांगितली. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला. "तुमच्यामुळे" या शब्दाने वाक्य सुरू करू नका. आपल्या पेशंटला काय होतंय तेवढंच सांगा.

पडदा मागून घ्या

बऱ्याच वॉर्डांत चाकांचा पडदा कोपऱ्यात उभा असतो, पण मागितल्याशिवाय कोणी आणत नाही. भांडं देताना, अंग पुसताना, ड्रेसिंग करताना, बाळाला पाजताना सिस्टरकडे किंवा वॉर्डातल्या मावशींकडे तो हक्काने मागा. पडदा नसेल तर घरून दोन जुन्या साड्या आणि चार चिमटे आणून ठेवा. बायकांच्या वॉर्डात परका पुरुष नुसता बसून बघत असेल, तर संकोच करू नका. तिथे गोड बोलायचीही गरज नाही, सरळ सिस्टरला सांगा.

आधी आपले पाहुणे आवरा

हा भाग लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आमच्याकडेही पहिल्या दिवशी सतरा माणसं आली होती. खानदेशात कोणी ॲडमिट आहे आणि भेटायला गेलो नाही, तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. माणूस मायेने येतो आणि रीत म्हणूनही येतो. म्हणून "येऊ नका" असं म्हणू नका, त्याला दुसरं काही करायला द्या. मी भाऊबंदांच्या ग्रुपवर लिहिलं: भेटायची वेळ ही, खाटेजवळ एका वेळी दोघंच, बाकीचे खाली चहाच्या टपरीजवळ थांबा, लहान मुलं आणू नका. एका काकांवर रात्रीची पाळी सोपवली, एका मावसबहिणीवर डबा, एका भाच्यावर मेडिकलच्या फेऱ्या. ज्याला काम मिळालं तो खाटेवर बसून राहिला नाही. आमच्याकडची गर्दी ओसरलेली शेजारच्यांनी पाहिली होती, म्हणून पुढे मला बोलायला तोंड राहिलं.

खाटेवर बसण्याबद्दल थोडं. बाहेरून आलेले कपडे, चप्पल काढून खाटेवर घेतलेले पाय, हे सगळं टाके घातलेल्या माणसाच्या चादरीवर येतं. स्टूल मागून घ्या, आणि पेशंटला हात लावायच्या आधी हात धुवायला सांगा. आपण स्वतः धुतले की दुसऱ्याला सांगणं सोपं जातं.

खाण्याचा प्रश्न

शेवभाजीचा डबा उघडला की रश्श्याचा वास सगळ्या वॉर्डभर जातो. भूल उतरत असलेल्या पेशंटला तेवढ्यानेच उमासे येतात. डबा व्हरांड्यात खा, आणि शेजारच्यांनाही तिकडेच बोलवा: "चला, बाहेर वाऱ्याला बसून जेवू." नको म्हणणारा मला तरी कोणी भेटला नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे वाटून खाण्याची आपली सवय. रावेर-यावलकडून येणारा पाहुणा केळीची फणी घेऊन येतो आणि प्रत्येक खाटेवर दोन-दोन ठेवत जातो. मन मोठं आहे, पण १०० ग्रॅम केळ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. किडनी निकामी होत आलेल्या, डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तात ते साठलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेहाच्या पेशंटला पेढे, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्याला चहा, हेही असंच होतं. कोणी दिलं तर दोन्ही हातांनी घ्या, "डॉक्टरांना विचारून देते" म्हणा आणि पिशवीत ठेवा. परत करू नका, देणाऱ्याला लागतं.

रात्र

दिवसाचं सगळं सोसवतं, पण झोप मोडली की दुखणं दुप्पट वाटतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तिथली मर्यादा ४० डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर वॉर्डात रात्री ३० डेसिबलच सुचवलं आहे. आपलं साधं बोलणंच ६० च्या घरात जातं, मग मोबाईलवरचे रील किती जात असतील! हे आकडे शेजाऱ्याच्या तोंडावर फेकू नका. पण लग्नसराईत वरातीचा डीजे दवाखान्यासमोर थांबला, तर ११२ ला फोन करताना ते उपयोगी पडतात.

वॉर्डाच्या आत मी दोन गोष्टी केल्या. रस्त्यावर मिळणारा स्वस्तातला इयरफोन शेजारच्या पोराला आणून दिला, त्याने तो डिस्चार्ज होईपर्यंत वापरला. आणि नऊ वाजता सिस्टरला विचारलं, "मधले दिवे बंद केले तर चालतील का?" दिवे गेले की बोलणं आपोआप खाली येतं. आईच्या डोळ्यांवर ओढणीची घडी ठेवायचे. कानात कापूस घालायचा असेल तर बोळा मोठा ठेवा, आत सरकणारा नको, आणि कानाचं दुखणं असलेल्याला तर नकोच.

पंख्यावरून भांडू नका. घामाने भिजलेल्याला वारा हवा असतो, ताप भरून कुडकुडणाऱ्याला नको असतो. पंख्याखालच्या खाटेवर कोण असावं ते सिस्टर ठरवू दे.

चार्जिंगचा प्लग

भिंतीवरच्या प्लगमध्ये सलाईनचा पंप, सक्शन मशीन किंवा ऑक्सिजनचं यंत्र असेल, तर मोबाईलसाठी ते कोणालाही काढू देऊ नका. इथे नम्रपणा बाजूला ठेवा, तिथल्या तिथे थांबवा. त्यापेक्षा तीन-चार खाटांत मिळून पॉवर बँक फिरवावी.

सिस्टरला कधी सांगायचं

दोनदा सांगूनही फरक पडला नाही, तंबाखू खाऊन बेसिनमध्ये थुंकणं चालू आहे, कोणी दारू पिऊन आलंय, पेशंटचं औषध-सामान हरवतंय, या वेळी थांबू नका. मात्र ड्यूटी बदलताना किंवा राउंड चालू असताना सिस्टरला गाठू नका, तेव्हा त्यांना ऐकायला उसंत नसते. खाट नंबर, वेळ आणि काय घडलं, एवढं दोन वाक्यांत सांगा. पुढची पायरी इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन (सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख) किंवा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी). खाजगी दवाखान्यात मॅनेजर. तोंडी सांगून भागलं नाही तर साध्या कागदावर तारीख घालून अर्ज द्या, आणि एक प्रत सही घेऊन स्वतःकडे ठेवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. गरीब कुटुंबाची राहण्या-जेवणाची सोय, पैशांची अडचण यासाठी शेजारच्यांना त्यांच्याकडे पाठवा.

पुरावा म्हणून व्हिडिओ काढू नका. त्या चित्रात अर्धवट कपड्यातला दुसरा कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई येते.

कोणी डॉक्टर-सिस्टरवर हात उगारला तर मध्ये पडू नका. आपल्या पेशंटची खाट सांभाळा, गार्डला बोलवा, ११२ लावा. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याप्रमाणे यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चिडलेल्या घरातल्या शहाण्या माणसाला एवढं हळूच कानात सांगितलं, तरी तो आपल्या पोराला ओढून बाहेर नेतो.

खाट बदलून मागायची असेल तर

सगळं करूनही जमलं नाही तर खाट बदलून मागा, त्यात कमीपणा नाही. सकाळच्या राउंडच्या आधी इन्चार्ज सिस्टरच्या कानावर घाला, कारण कोणाला डिस्चार्ज मिळणार आणि कुठली खाट रिकामी होणार ते राउंडलाच ठरतं. कारण सांगताना शेजाऱ्याचं नाव घेऊ नका. "आईला रात्री झोप लागत नाही, भिंतीकडची खाट मिळाली तर बरं होईल" एवढंच म्हणा. आणि निघताना त्या शेजाऱ्यांना सांगून निघा, कारण पुढचे चार दिवस नळावर आणि मेडिकलच्या रांगेत तीच माणसं तुमच्या शेजारी उभी असणार आहेत.