सिनसिनाटीत 'थ्री-वे' मागवताना

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात गेलात तर तिथली 'चिली' (खिम्याचा पदार्थ) खाऊन बघाच, पण वाटीभर झणझणीत रस्सा येईल असं समजू नका. 1922 मध्ये मॅसेडोनियन भावांनी तिथे रुजवलेला हा पातळसर खिमा. त्याला दालचिनीचा वास असतो आणि तो चक्क स्पॅगेटीवर ओततात! वर किसलेल्या चेडर चीजचा डोंगर, म्हणजे 'थ्री-वे'. कांदा किंवा राजमा वाढवला की 'फोर-वे', दोन्ही घेतले की 'फाइव्ह-वे'. काट्याला शेवया गुंडाळत बसू नका, तिथले लोक काट्यानेच कापून खातात. खिमा बीफचा असतो. चालत नसेल तर बिनमांसाचा प्रकार आहे का ते आधीच विचारा. आपल्या जिभेला मिळमिळीत वाटेल, तेव्हा हॉट सॉस मागून घ्या. नंतर तिथल्याच ग्रेटर्स या आइस्क्रीमवाल्यांचं ब्लॅक रास्पबेरी चिप आइस्क्रीम. त्यातले चॉकलेटचे तुकडे भलतेच मोठे असतात.