डेन्व्हरजवळच्या जंगलात फुकटचा मुक्काम: या चुका टाळा

डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० किंवा नैर्ऋत्येला यूएस-२८५ महामार्ग धरला की तास-दीड तासात राष्ट्रीय जंगल लागतं. दक्षिणेच्या बाजूला पाइक, पश्चिमेला आणि उत्तरेला अरापाहो आणि रूझवेल्ट. या जंगलांच्या बऱ्याच भागात बुकिंग न करता, एक डॉलरही न भरता तंबू ठोकता येतो. तिकडे याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबा नाही. एका जागी राहण्याची मुदत साधारण १४ दिवसांची.

कोलोरॅडोत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे, आणि ते फार छान आहे. मात्र त्याच त्या अडचणी वारंवार ऐकू येतात. जागा मिळाली नाही, डाळ शिजली नाही, रात्रभर कुडकुडलो, रेंजरने उठवलं. यातल्या जवळपास प्रत्येक अडचणीचं मूळ घरून निघण्याआधीच्या तयारीत असतं. म्हणून हा लेख निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी वाचा.

नकाशावर हिरवं दिसलं म्हणजे चालतं असं धरणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फोनवरच्या नकाशात राष्ट्रीय उद्यान, स्टेट पार्क, काउंटीची (जिल्ह्याची) ओपन स्पेस म्हणजे मोकळी राखलेली जमीन, डेन्व्हर शहराच्या मालकीची माउंटन पार्क्स आणि राष्ट्रीय जंगल हे सगळं एकाच हिरव्या रंगात असतं. मालक मात्र वेगवेगळे. रॉकी माउंटन नॅशनल पार्क 'इंटीरियर' खात्याच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, तिथे परमिटशिवाय एक रात्रही काढता येत नाही. राष्ट्रीय जंगल शेतीखात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहे, आणि फुकट मुक्कामाची सवलत मुख्यतः तिथली. जेफरसन काउंटीच्या किंवा बोल्डर शहराच्या ओपन स्पेसमध्ये वाटेल तिथे तंबू लावता येत नाही.

जंगलाच्या आतही सगळीकडे एकच नियम नसतो. इंडियन पीक्स वाइल्डरनेसमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात रात्री राहायला परमिट लागतं. सेडेलियाच्या बाजूने सुरू होणाऱ्या रॅम्पार्ट रेंज भागात क्रमांकाची पाटी असलेल्या जागांवरच राहायचं, मधल्या झाडीत नाही. शहराजवळ गर्दी इतकी वाढली की असे बंधनाचे भाग वाढत गेले आहेत.

आणि एक गोष्ट नवख्यांना ठाऊकच नसते. जंगलाच्या मधोमध खाजगी जमिनीचे तुकडे आहेत. १८५९ मध्ये या डोंगरांत सोन्यासाठी झुंबड उडाली, पुढे १८७२ च्या खाणकायद्याखाली खाणीच्या पट्ट्याची मालकी मिळवता येत होती. ते चिंचोळे पट्टे आजही आयडाहो स्प्रिंग्ज, सेंट्रल सिटी, नेदरलँड या गावांभोवती विखुरलेले आहेत. कुंपण नसतं, कधी पाटीही नसते. मालक सकाळी दारात उभा राहिला तर त्याचं चुकत नाही.

उपाय सोपा आहे. फॉरेस्ट सर्व्हिस 'मोटर व्हेइकल यूज मॅप' नावाचा नकाशा फुकट देते. दिसायला अगदी रूक्ष, काळापांढरा. पण कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे हे कायदेशीरदृष्ट्या तोच ठरवतो. रस्त्याच्या कडेने ठिपक्यांची ओळ असेल, तर तिथे मुक्कामासाठी गाडी रस्त्यावरून थोडी आत घेता येते. किती आत ते त्याच नकाशावर लिहिलेलं असतं. अ‍ॅव्हेन्झा अ‍ॅपमध्ये तो घरीच उतरवून घ्या, नेटवर्क नसतानाही तुम्ही कुठे आहात ते त्यावर दिसतं. जमिनीच्या मालकीसाठी मालकीहद्दी दाखवणारं एखादं अ‍ॅप जोडीला ठेवा. कॅम्पिंगच्या अ‍ॅपवर कुणीतरी तीन वर्षांपूर्वी टाकलेल्या पिनवर विसंबू नका. आणि त्या भागाच्या रेंजर ऑफिसला (साउथ प्लाट, क्लिअर क्रीक, बोल्डर, जे लागू असेल ते) कामाच्या दिवशी फोन करून "या रस्त्यावर सध्या राहता येतं का?" एवढं विचारा. फोनवरची माणसं मनापासून मदत करतात.

शुक्रवारी अंधार पडल्यावर पोचणं

जुलै-ऑगस्टच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शहराजवळच्या चांगल्या जागा भरलेल्या असतात. अंधारात जागा शोधताना माणसं गवतात गाडी घालतात, नवीन जागा तयार करतात, ओढ्याला खेटून तंबू लावतात. गुरुवारी जाता आलं तर उत्तम. नाहीतर किमान तीन जागा हेरून ठेवा, आणि तिसरी शहरापासून बरीच लांबची असू द्या, उदाहरणार्थ यूएस-२८५ वरच्या केनोशा पास या खिंडीच्या पलीकडे. सगळं भरलेलं निघालं तर जवळच्या पैसे भरायच्या कॅम्पग्राउंडमध्ये रिकामी जागा आहे का बघा, किंवा सरळ परत फिरा. जागा निवडताना आधीच कुणी राहून कडक झालेली जमीन घ्या, पाण्यापासून २०० फूट म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं दूर.

वरही बघा. पाइन पोखरणाऱ्या किड्यांनी कोलोरॅडोत लाखो एकरांवरची झाडं मारली आहेत. वाळून करडी पडलेली ही झाडं वाऱ्याने अचानक कोसळतात. त्यांच्या टप्प्यात तंबू नको.

गाडीचा विचार न करणं

फॉरेस्ट रोड म्हणजे डांबरी रस्ता नव्हे. पहिला मैल गुळगुळीत, दुसऱ्या मैलात गुडघ्याएवढे दगड, असं सर्रास असतं. भाड्याच्या गाडीचा करार वाचा. बऱ्याच करारांत कच्चा रस्ता चालत नाही. उंचावरच्या रस्त्यांची फाटकं बर्फ आणि चिखलामुळे जूनपर्यंत बंद असू शकतात. शंका आली तर गाडी थांबवा, उतरा, पुढचा भाग चालत बघून या. टो ट्रक तिथवर यायला तयार झालाच तर बिल शेकड्यांत नाही, हजारांत जाऊ शकतं. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी कुणाला तरी लिहून द्या.

उंची विसरणं

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. डेन्व्हर शहरच १,६०९ मीटरवर वसलेलं आहे. तुम्ही तिथून वर निघता आणि केनोशा पासला पोचता तेव्हा ३,००० मीटर ओलांडलेले असतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या आईबाबांना आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे झोपायला नेऊ नका. तीन-चार दिवस शहरात जाऊ द्या, मग न्या, आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डोकं दुखतंय, मळमळतंय, भूक नाही, अशी लक्षणं दिसली तर तिथेच थांबा, पाणी द्या. त्रास वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. सकाळची वाट बघायची नाही.

आता डाळ. ३,००० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांना उकळतं. भांड्यात कितीही वेळ खदखदवलं तरी त्याच्यापुढे तापत नाही, त्यामुळे तूरडाळ तासाभरानेही कडकच राहते. लोक आच वाढवतात, त्याने फक्त गॅस संपतो. छोटा प्रेशर कुकर नेलात तर हा प्रश्न उरत नाही, दोन शिट्ट्या जास्त द्या इतकंच. कुकर नेणार नसाल तर भिजवलेली मूगडाळ किंवा मसूर घ्या, नाहीतर घरूनच शिजवून, गार करून न्या. पोहे, उपमा, मेथीचे ठेपले, दशम्या यांना उंचीचं वावडं नाही.

शेगडी पहाटे पेटत नाही, ही तक्रारही नेहमीची. आशियाई दुकानात मिळणाऱ्या चपट्या टेबल-शेगडीच्या लांबट डब्यात ब्युटेन असतं. तापमान शून्याच्या आसपास गेलं की त्याची पुरेशी वाफ होत नाही आणि ज्योत मलूल पडते. डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, सकाळी चालेल. डबा दुसऱ्या शेगडीवर किंवा आगीजवळ कधीही तापवू नका. कायमचा उपाय म्हणजे प्रोपेनची दोन बर्नरची शेगडी, तिच्यावर कुकरही नीट बसतो. पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत घेणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

थंडीचं गणित असं: हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. जुलैत डेन्व्हरची रात्र १५-१६ अंशांची असेल तर वर ती सहा-सात अंशांवर येते, आणि कुरणाच्या खोलगट तळाशी त्याहून खाली, कारण थंड हवा तिथे साचते. तंबू थोड्या उंचवट्यावर लावा. स्लीपिंग बॅगवर छापलेला मोठा आकडा बहुतेकदा 'एवढ्यात रात्र कशीबशी निघेल' असा असतो, सुखाची झोप त्याच्या पाच-सहा अंश आधीच संपते. आणि अंगाखालची चटई चांगली हवी. जमीन जेवढी ऊब खेचते तेवढी हवा खेचत नाही. जाड रजई पांघरूनही कुडकुडणाऱ्यांची गोम इथेच असते.

पाणी आणि संडास

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, वर स्वयंपाकाचं, वर शेकोटी विझवण्याचं. २० लिटरचा एक कॅन घरूनच भरून घ्या. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. गाळा, किंवा या उंचीवर पूर्ण तीन मिनिटं उकळा. जुन्या खाणींच्या खालच्या ओढ्यांचं पाणी मात्र उकळूनही घेऊ नका, विरघळलेले धातू उकळून जात नाहीत.

शौचासाठी पाणी, वाट आणि तंबू या तिन्हींपासून ७० पावलं लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा, नंतर मातीने पूर्ण बुजवायचा. पाणी वापरायची आपली सवय असेल तर तेही तिथेच, ओढ्यावर नाही. टिश्यू, पॅड, डायपर, ओले वाइप्स पुरायचे नाहीत आणि जाळायचेही नाहीत. झिपच्या पिशवीत घालून परत आणायचे. उरलेला भात मुंग्या-पाखरांसाठी ठेवण्याची रीत घराच्या अंगणात चांगली, इथे नको. त्या वासाने अस्वल येतं, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला शेवटी मारावं लागतं. कोलोरॅडोतली काळी अस्वलं गाडीचं दारसुद्धा उघडतात. खाणं, तूप, टूथपेस्ट, सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात किंवा कुलूपबंद गाडीत नजरेआड ठेवा. तंबूत लाडूसुद्धा नको.

अस्वलापेक्षा मूसची (हरणाच्या कुळातल्या धिप्पाड जनावराची) धास्ती जास्त बाळगा. १९७८ पासून इथे आणून सोडलेलं हे जनावर आता झुडपी ओढ्यांकाठी चांगलंच वाढलं आहे. गरीब दिसतं, पण पिल्लू सोबत असेल किंवा तुमचा कुत्रा भुंकला, तर धावून येतं. झाडाआड पळा.

बंदुकीचे आवाज आले तर दचकू नका. राष्ट्रीय जंगलात नेमबाजीच्या सरावाला बऱ्याच ठिकाणी परवानगी असते, फक्त मुक्कामाच्या जागेपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. मुलं सोबत असतील तर जागा बदला. सप्टेंबरपासून शिकारीचा मोसम, तेव्हा भडक नारिंगी कपडे घाला.

दुपारच्या विजा जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ रोजच्या. तंबू विजेपासून वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की काचा बंद करून गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच.

शेकोटी

बाकीच्या चुका तुमचा शनिवार-रविवार बिघडवतात. ही चूक गावं जाळते. मे १९९६ मध्ये पाइक जंगलात बफेलो क्रीकजवळ कुणाच्या तरी शेकोटीतून वणवा लागला आणि सुमारे १२,००० एकर जळून गेलं. जळक्या मातीत पाणी मुरेना. जुलैत जोराचा पाऊस झाला तेव्हा पूर आला, त्यात दोन माणसं गेली. राख आणि गाळ वाहत जाऊन स्ट्रॉन्शिया स्प्रिंग्ज धरणात साठला. डेन्व्हरच्या नळाला येणारं बहुतेक पाणी त्याच धरणातून जातं. म्हणून ही जमीन आपल्याच पाणलोटाची आहे, हे डोक्यात ठेवून काडी पेटवा.

निघण्याच्या दिवशी सकाळी फॉरेस्ट सर्व्हिसची आणि त्या काउंटीच्या शेरीफची (पोलीसप्रमुखाची), अशी आगीवरची दोन्ही बंधनं तपासा. दोन्ही लागू असतात. 'स्टेज १' म्हणजे पहिल्या पायरीचं बंधन असेल तर शेकोटी फक्त तयार कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कड्यात, म्हणजे फुकटच्या जागी शेकोटीच नाही. कोळशाची शेगडीही त्यातच आली, तेव्हा वांगी भाजायचा बेत रद्द करा. बंद करायचा कॉक असलेली गॅसची शेगडी साधारणपणे चालते. 'स्टेज २' मध्ये कॅम्पग्राउंडमध्येही शेकोटी नाही.

बंदी नसेल तेव्हा जुन्याच दगडी कड्यात, छोटी आग. फक्त खाली पडलेलं वाळकं लाकूड वापरा. लाकूड लांबून आणू नका. अ‍ॅशची झाडं मारणारा हिरवा भुंगा २०१३ मध्ये बोल्डरला सापडला, असे किडे सरपणातून प्रवास करतात. वारा सुटला की लगेच विझवा. विझवताना माती टाकून झाकू नका, आत निखारा दिवसभर जिवंत राहतो आणि मुळांमधून सरकतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, मग हाताची उलटी बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब जाणवली तर पुन्हा पहिल्यापासून.

जाताना शेजारच्या रिकाम्या जागेत कुणाची शेकोटी धुमसताना दिसली तर उरलेलं पाणी तिच्यावर घाला. आटोक्याबाहेर वाटली तर जवळ जाऊ नका. नकाशावरचा रस्त्याचा क्रमांक टिपून घ्या आणि नेटवर्क मिळताक्षणी ९११ ला कळवा.