जळक्या कडांचे कागद: एका लेखिकेचं दफ्तर घरबसल्या कसं वाचावं

१९६० साली फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स गावात एका छोट्या घराच्या अंगणात कागद जळत होते. त्या घरात राहणारी बाई वारली होती आणि घर रिकामं करताना तिच्या सामानाला काडी लावली गेली होती. तिला ओळखणारे पॅट्रिक डुव्हाल हे डेप्युटी शेरीफ तिथून चालले होते. धूर पाहून ते थांबले आणि पाण्याची नळी घेऊन त्यांनी आग विझवली. उरलेले कागद पुढे गेन्सव्हिलला, फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचले. त्यांतल्या पुष्कळ पानांच्या कडा काळ्या आहेत, कुठे ओळ अर्ध्यावर तुटते, कुठे कोपराच नाही.

ती बाई म्हणजे झोरा नील हर्स्टन, कादंबरीकार आणि नाटककार. शिवाय लोककथा गोळा करत गावोगाव हिंडलेली मानववंशशास्त्रज्ञ. हे कागद बघायला व्हिसा लागत नाही. बरेचसे स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत. मात्र थेट एखादं स्कॅन उघडलं तर हाती काही लागत नाही. आपल्या पेशवे दफ्तरात पहिल्या दिवशी कुठलाही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडून बसावं, तशी गत होते. म्हणून थोडी पूर्वतयारी. मी झोराचंच उदाहरण घेतो, कारण एका लेखकाच्या कागदांचे जितके हाल होऊ शकतात तितके बहुतेक सगळे तिच्या कागदांचे झाले.

आधी एक पान आखा

संगणक बाजूला ठेवा. कागदावर तीन रकाने पाडा: साल, मुक्काम, आणि पैसा कोणाचा. तिसरा रकाना लोक सोडून देतात, पण लेखकाचे कागद कुठे जाऊन पडले याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

झोराचं पान साधारण असं भरेल. जन्म १८९१, अलाबामातलं नोटासल्गा. बालपण फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांनीच वसवलेल्या आणि चालवलेल्या गावात. वडील सुतार आणि धर्मोपदेशक, पुढे गावचे मेयर. १९०४ मध्ये आई गेली आणि घर विस्कटलं. मग मोलमजुरी, बाल्टिमोरमध्ये उशिरा पुन्हा सुरू केलेली शाळा, वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ, १९२५ मध्ये न्यू यॉर्कचं बर्नार्ड कॉलेज. तिथे फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकली, १९२८ मध्ये पदवी घेतली.

आता तिसरा रकाना. डिसेंबर १९२७ मध्ये शार्लट ऑस्गुड मेसन या श्रीमंत बाईंनी तिच्याशी करार केला. दरमहा २०० डॉलर, एक मोटार, एक मूव्ही कॅमेरा. बदल्यात झोरा अमेरिकेच्या दक्षिणेत जे काही गोळा करील ते मेसनबाईंच्या मालकीचं. ही अट लाल शाईनं लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. १९३६ ला पुन्हा पैशाचा धनी बदलतो. आता गुगेनहाइम फेलोशिप, म्हणजे लेखक-संशोधकांना मिळणारी शिष्यवृत्ती, मुक्काम जमैका आणि मग हैती. तिथे तिनं सात आठवड्यांत एक कादंबरी लिहून काढली, 'देअर आईज वर वॉचिंग गॉड'. ती १९३७ मध्ये छापून आली आणि आज झोराचं नाव मुख्यतः तिच्यावरच उभं आहे. १९५० मध्ये त्याच रकान्यात लिहावं लागतं: मायामीत घरकामाचा पगार. तोवर तिची सात पुस्तकं छापून झाली होती.

मग नकाशा

लेखकाचं दफ्तर एका जागी असतं ही समजूत पहिल्यांदा सोडा. झोराचे कागद निदान पाच ठिकाणी आहेत आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या कारणानं गेले. ठिकाणाच्या नावापुढे ते कारणही लिहायचं.

गेन्सव्हिलला आगीतून वाचलेले कागद आहेत. १९६१ मध्ये मार्जरी सिल्व्हर या तिच्या मैत्रिणीनं ते दिले. पुढे इतर स्नेह्यांकडची पत्रं आणि टाचणं त्यात जमा होत गेली. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात वर सांगितलेल्या कादंबरीचं हस्तलिखित आहे, कारण तिचे स्नेही कार्ल व्हॅन व्हेक्टन यांनी तिथे कृष्णवर्णीय लेखकांचा संग्रह उभा केला आणि ओळखीच्या सगळ्यांकडून कागद मागवले. तिसरं ठिकाण वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस, तिच्याकडे पुढे येऊ.

चौथं ठिकाण हॉवर्ड विद्यापीठ. अलाबामात झोरा कडजो लुईस नावाच्या म्हाताऱ्याला भेटली होती. गुलामांचा व्यापार कायद्यानं बंद होऊन अर्धशतक उलटल्यावर, १८६० मध्ये, 'क्लोटिल्डा' जहाजातून चोरून आणलेल्या माणसांपैकी तो एक. त्याची हकिकत तिनं त्याच्याच बोलीत लिहून काढली. १९३१ मध्ये प्रकाशकानं सांगितलं, बोली काढून शुद्ध भाषेत द्या. तिनं ऐकलं नाही. बाड पडून राहिलं. कुठे? हॉवर्डमध्ये, प्राध्यापक अलेन लॉक यांच्या कागदांत. कारण लॉक हे मेसनबाईंचे सल्लागार होते, आणि ते संशोधन झालं होतं मेसनबाईंच्या पैशावर. लाल शाईची ओळ आठवली? 'बॅराकून' या नावानं ते पुस्तक २०१८ मध्ये निघालं. इतकी वर्षं ते हरवलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात होतं, एवढंच.

म्हणून नियम असा: लेखकाच्या नावानं शोधून झालं की त्याचे मित्र, आश्रयदाते, संपादक आणि भांडलेले लोक यांच्या नावानंही शोधा.

संग्रहाची यादी वाचणं

प्रत्येक अभिलेखागार संग्रहाची यादी तयार करतं. तिला फाइंडिंग एड म्हणतात. संस्थेच्या साइटवर लेखकाच्या नावापुढे 'पेपर्स' हा शब्द जोडून शोधलं की ती मिळते. आपल्याकडे रुमाल, तिथे बॉक्स. बॉक्सच्या आत फोल्डर. यादी उघडल्यावर लोक थेट फोल्डरांकडे धावतात. तसं करू नका. वरच्या दोन परिच्छेदांत संग्रह कोणी दिला, केव्हा दिला आणि काय नाही हे लिहिलेलं असतं. ते दोनदा वाचा. गेन्सव्हिलच्या यादीत काही हस्तलिखितं जळालेली असल्याचं आधीच कळलं, तर पुढे पान अर्धवट दिसल्यावर स्कॅन बिघडलंय असं वाटत नाही.

जे पान पाहाल त्याचा संग्रह, बॉक्स आणि फोल्डर तिथल्या तिथे टिपा. 'नंतर लिहू' म्हटलेलं पान पुन्हा सापडत नाही, हे अनुभवाचे बोल.

नाटकं वेगळ्या दारानं शोधा

कादंबरी छापली जाते, पण नाटक अनेकदा नुसतं टंकलेल्या प्रतीत राहतं. म्हणून नाटककाराचे कागद शोधताना साहित्याच्या कपाटापेक्षा कचेरीच्या नोंदी उपयोगी पडतात. १९२५ ते १९४४ या काळात झोरानं आपल्या दहा नाटकांच्या आणि नाट्यप्रवेशांच्या प्रती कॉपीराइट नोंदवण्यासाठी वॉशिंग्टनला धाडल्या होत्या. त्या तिथल्या ढिगात पडून राहिल्या. १९९७ मध्ये त्या नजरेस आल्या, तेव्हा त्यांतली बहुतेक छापलेलीच नव्हती. आता दहाही संहिता लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट वाचता येतात. सुरुवात एखाद्या छोट्या प्रवेशापासून करा, 'पोकर!' चांगला आहे. तीन अंकी 'पोक काउंटी'ला लगेच हात घालू नका.

त्यातच 'म्यूल बोन' आहे. हे नाटक झोरा आणि कवी लँग्स्टन ह्यूज यांनी १९३० मध्ये मिळून लिहायला घेतलं, आणि ते कोणाचं यावरून १९३१ पर्यंत मैत्री तुटली. प्रयोग झाला थेट १९९१ मध्ये, दोघंही हयात नसताना. या भांडणात ह्यूजची पत्रं वाचली की तो खरा वाटतो, झोराची वाचली की ती. ह्यूजचे कागद येललाच आहेत. दोन्हीकडची पत्रं तारखेप्रमाणे एकाखाली एक लावा, मगच मत बनवा. संहितांमध्ये 'डी टर्की अँड डी लॉ' हेही नाटक आहे. ते त्याच कथेचं झोरानं एकटीनं केलेलं रूप. ते शेजारी ठेवून वाचलं तर वादापेक्षा रंजक गोष्ट हाती लागते: एकाच गोष्टीतून दोन डोकी काय काय उचलतात ती.

वाचण्याआधी ऐका

झोराची पात्रं ईटनव्हिलच्या दुकानाच्या ओट्यावर बसून एकमेकांना थापा मारतात. आपल्याकडचा पार म्हणा. त्यांची बोली तिनं उच्चाराप्रमाणे लिहिली आहे: 'आय'चं 'आह', 'दॅट'चं 'डॅट'. डोळ्यांनी वाचताना दर ओळीला ठेच लागते. माझा उपाय साधा आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १९३९ मध्ये फ्लोरिडात केलेली ध्वनिमुद्रणं आहेत. सरकारी लेखक-प्रकल्पात नोकरीला असताना झोरानं त्यांत स्वतः गाणी म्हटली आहेत. तिला विचारलंय, ही गाणी शिकता कशी? ती सांगते, गर्दीत मिसळते, ऐकते, मग हळूहळू त्यांच्याबरोबर म्हणू लागते. अर्धा तास ते ऐका आणि मग नाटकाचं पान मोठ्यानं वाचा. ठेचा आपोआप कमी होतात.

जळकं पान

अखेरच्या वर्षांत झोरा ज्यूंचा प्राचीन राजा हेरॉड याच्यावर लिहीत होती. बायबलमधला बालहत्यारा तिला पटत नव्हता, तिला तो कर्तबगार राजा वाटत होता. १९५५ मध्ये एका प्रकाशकानं बाड परत केलं, तरी ती लिहीतच राहिली. आग लागली तेव्हा हे बाडही त्यात होतं. संपादित होऊन ते जानेवारी २०२५ मध्ये पुस्तकरूपानं आलं.

अशा पानाची नक्कल करताना ओळ जिथे तुटते तिथे तोडा. गेलेल्या शब्दांच्या जागी चौकोनी कंस घाला, अंदाज बांधायचाच तर तो समासात, प्रश्नचिन्हासह. अर्धा शब्द दिसत असेल तर अर्धाच लिहा. वाक्य पुरं करायचा मोह फार होतो, विशेषतः लेखिका आवडायला लागल्यावर. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. टंकलेल्या पानावर हातानं केलेल्या दुरुस्त्या वेगळ्या रंगात उतरवा. झोरानं मागाहून काय बदललं हे त्यातच दिसतं.

दगडावर विश्वास ठेवू नका

फोर्ट पिअर्सच्या स्मशानभूमीत झोराची कबर तेरा वर्षं खुणेविना होती. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर गवत तुडवत तिथे गेल्या आणि स्वतः दगड बसवला. त्यावर जन्मसाल आहे १९०१. ते चूक आहे, आणि ती चूक वॉकर यांची नव्हे. १९१७ मध्ये फुकट शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सव्वीस वर्षांच्या झोरानं वय दहानं कमी सांगितलं आणि पुढे जन्मभर ते नाना प्रकारे निभावलं. जन्मगावही ईटनव्हिलच सांगितलं. १९०० च्या जनगणनेत मात्र १८९१ आहे. तेव्हा ती लहान होती आणि खोटं सांगायचं कारण कोणालाच नव्हतं. आत्मचरित्र, अर्ज आणि सरकारी नोंद यांत फरक पडला, तर त्या वेळी खोटं बोलून कोणाचा फायदा होता ते आधी पाहा. त्या दगडावर कादंबरीकार, लोकसाहित्याची अभ्यासक, मानववंशशास्त्रज्ञ असं कोरलंय. नाटककार नाही. नाटकांचा ढीग सापडायला अजून चोवीस वर्षं होती.

ग्रंथपालाला लिहिताना

स्कॅन नसलेलं पान हवं असेल तर संस्थेला ईमेल करा. चार ओळी पुरे: तुम्ही कोण, कोणता संग्रह, बॉक्स, फोल्डर, आणि प्रत कशासाठी हवी. 'झोरांबद्दल सगळं पाठवा' असं लिहिलंत तर नम्र नकार येईल. प्रतीला पैसे पडतात का, ते आधीच विचारा. प्रत मिळाली म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही, हक्क बहुधा वारसांकडे असतात. मराठीत अनुवाद करायचा असेल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा नियम आहे, त्यामुळे तिच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०२१ पासून मोकळी झाली. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्यांची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजतात. 'बॅराकून' त्यात येतं.

आता पुन्हा त्या तीन रकान्यांकडे या आणि शेवटच्या रांगा भरा. १९४५: झोरानं विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. नामवंत कृष्णवर्णीयांसाठी फ्लोरिडात शंभर एकरांची स्मशानभूमी घेऊया, त्यांच्यातलं कोणी कितीही गरिबीत मेलं तरी विस्मृतीत पडून राहू नये. ड्यू बॉईस यांनी ते उचलून धरलं नाही. हे पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अ‍ॅमहर्स्टला त्यांच्या कागदांत आहे, तेच नकाशातलं पाचवं ठिकाण, आणि ते घरबसल्या वाचता येतं. त्याखालची रांग: २८ जानेवारी १९६०, मृत्यू, मुक्काम फोर्ट पिअर्स, काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, निराधारांसाठीचं वेल्फेअर होम. तिसऱ्या रकान्यात, अंत्यविधीच्या खर्चापुढे: वर्गणी.