एकाच संकेतस्थळाला दुसरे डोमेन नाव जोडताना
एखाद्या संकेतस्थळाला पर्यायी डोमेन नाव जोडायचे असेल, तर डीएनएस (डोमेन नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) आणि वेब सर्व्हर (संकेतस्थळ पाहुण्याला पाठवणारी प्रणाली) या दोन्ही ठिकाणी बदल करावा लागतो. डीएनएस केवळ पत्ता दाखवते, त्या नावाने आलेल्या विनंतीला कोणते संकेतस्थळ द्यायचे हे सर्व्हर ठरवतो. त्यामुळे अपाचे या वेब सर्व्हरमध्ये सर्व्हरअलियास (ServerAlias) किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सर्व्हर_नेम (server_name) या ओळीत नवे नाव लिहायचे राहिले, तर पाहुण्याला सर्व्हरवरचे भलतेच, म्हणजे मूलनिवडीचे (डीफॉल्ट) संकेतस्थळ दिसू शकते.

मूळ डोमेनवर, म्हणजे पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावावर, सीनेम नोंद (हे नाव म्हणजे दुसऱ्या एका नावाचेच उपनाव, असे सांगणारी डीएनएस नोंद) करता येत नाही, कारण तिथे एसओए (डोमेनची प्रशासकीय माहिती देणारी) आणि एनएस (डोमेनचे नेमसर्व्हर सांगणारी) या नोंदी असाव्याच लागतात आणि सीनेमसोबत अशा इतर नोंदी चालत नाहीत. तिथे सर्व्हरचा आयपीव्ही४ पत्ता देणारी ए नोंद, आणि आयपीव्ही६ पत्ता असल्यास तो देणारी एएएए नोंदही करावी. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी मात्र सीनेम सोयीचे. जुनी नोंद बदलणार असाल, तर तिचा टीटीएल (नोंद किती काळ साठवून ठेवायची ती मुदत) आधीच ३०० सेकंदांवर आणावा.

पर्यायी नावावरून मुख्य नावाकडे ३०१ पुनर्निर्देशन (पाहुण्याला कायमचे दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे) करणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्यामुळे एकच मजकूर दोन पत्त्यांवर विखुरत नाही. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: एचटीटीपीएसमध्ये (सुरक्षित जोडणीत) संकेतस्थळाच्या नावाची खात्री देणाऱ्या प्रमाणपत्राची तपासणी पुनर्निर्देशनाच्या आधी होते, म्हणून जे नाव केवळ पुढे पाठवण्यासाठी ठेवले आहे, तेही प्रमाणपत्रात असलेच पाहिजे, अन्यथा ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो आणि पाहुणा तिथूनच परततो.