अँटिबॉडी पॅनेल: मागवण्याआधी काय ठरवावे आणि अहवाल आल्यावर काय पाहावे

विशी-पंचविशीतली एक मुलगी आठ-दहा दिवस झोपत नाही, असंबद्ध बोलते, घरच्यांवर संशय घेते. मग तिच्या तोंडाच्या चमत्कारिक हालचाली सुरू होतात आणि एके दिवशी तिला फिट येते. अशा रुग्णाला आपल्याकडे आधी बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे, नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे आणि सर्वांत शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे नेले जाते. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिले की, अशा काही तरुणींच्या शरीरात मेंदूतील एनएमडीए रिसेप्टर या, चेतापेशींच्या पृष्ठभागावर संदेश झेलणाऱ्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, तयार झालेल्या असतात आणि त्यांच्या बीजांडकोशात टेराटोमा नावाची गाठ असते. या गाठीत मज्जासंस्थेचे ऊतक असते. रोगप्रतिकारक यंत्रणा त्या ऊतकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तीच प्रतिपिंडे पुढे मेंदूवर उलटतात. एकच प्रतिपिंड मेंदूच्या आजाराचे निदान करते आणि पोटातल्या गाठीचा पत्ताही देते, म्हणून ही तपासणी मोलाची आहे. तिचा गैरवापरही तितकाच होतो, कारण फॉर्मवरच्या एका चौकटीत खूण केली की बारा-पंधरा प्रतिपिंडे एकदम तपासून मिळतात; यालाच पॅनेल म्हणतात.

पुढील मजकूर फिजिशियन, निवासी डॉक्टर आणि अहवालाची फाइल हातात घेऊन बसलेले नातेवाईक यांच्यासाठी आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा असतो.

आधी प्रश्न, मग नमुना

पॅनेल मागवण्यापूर्वी एका वाक्यात लिहून पाहावे की, या रुग्णात आपल्याला नेमका कोणता आजार शोधायचा आहे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर नमुना पाठवण्याची घाई करू नये. याचे कारण साध्या हिशेबात आहे. समजा, विस्मरण, चक्कर, हातापायांना मुंग्या अशा कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या १,००० जणांची सरसकट तपासणी केली आणि त्यांपैकी खरोखर आजार असलेले फक्त १० आहेत. तपासणी ९५ टक्के रुग्ण अचूक पकडणारी आणि ९८ टक्के निरोगी माणसांना अचूक वगळणारी आहे असे धरले, तरी खरे पॉझिटिव्ह नऊ-दहा आणि खोटे पॉझिटिव्ह सुमारे वीस निघतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांपैकी दोघांना तो आजार नसेल. हीच तपासणी नीट निवडलेल्या १,००० जणांवर केली आणि त्यांपैकी ३०० जण खरे रुग्ण असतील, तर २८५ खऱ्या पॉझिटिव्हांमागे खोटे जेमतेम चौदा येतील. यंत्र तेच आणि रसायनेही तीच असतात. रुग्णांची निवड बदलल्यामुळे अहवालाचा अर्थ बदलतो.

कोणत्या लक्षणांमागे कर्करोग दडलेला असण्याची शक्यता मोठी असते, याची मांडणी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली सुधारित निकषांत केली आहे. तीन महिन्यांच्या आत माणसाला जागीच बसवणारा लहान मेंदूचा आजार, झपाट्याने वाढणारे विस्मरण आणि फिट यांची जोडी, संवेदनेच्या नसांच्या मूळ पेशी मरून येणारा वेदनादायक बधिरपणा, डोळ्यांची अनियंत्रित नाचरी हालचाल, आतड्यांची हालचाल मंदावून येणारा अडथळा आणि लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम (नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोचल्याने येणारी कमजोरी) ही त्यांतली प्रमुख चित्रे आहेत. वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा विसरभोळेपणा किंवा मधुमेह्याच्या पायांतली जळजळ त्यांत बसत नाही. आपल्याकडे याआधी आणखी एक पायरी आहे: क्षयाचा मेंदूज्वर, हर्पिस, जपानी मेंदूज्वर आणि बी-१२ची कमतरता यांचा विचार आधी करावा. हर्पिसच्या बाबतीत एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हर्पिसमुळे झालेल्या मेंदूज्वरातून बरा होत आलेला रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा बिघडला, तर विषाणू परतला असे गृहीत न धरता एनएमडीए रिसेप्टरची प्रतिपिंडेही तपासावीत, कारण त्या संसर्गानंतर ती नव्याने तयार होऊ शकतात.

रक्त, पाठीतले पाणी की दोन्ही

शक्यतो दोन्ही पाठवावीत, पण कोणत्या प्रतिपिंडासाठी काय अधिक भरवशाचे हे माहीत असावे. एनएमडीए रिसेप्टरसाठी पाठीतले पाणी, म्हणजे सीएसएफ, निर्णायक असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २५० रुग्णांच्या अभ्यासात सीएसएफमध्ये ही प्रतिपिंडे सर्वच रुग्णांत सापडली, पण रक्तात सुमारे ८६ टक्के रुग्णांतच. म्हणजे केवळ रक्त तपासले असते, तर सातांपैकी एक रुग्ण हातचा सुटला असता. याउलट एलजीआय१, अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या प्रतिपिंडांसाठी (ही नावे प्रतिपिंड ज्यावर बसते त्या प्रथिनांची आहेत) रक्तच अधिक उपयोगी पडते. पाठीत सुई टोचून घ्यायला नातेवाईक घाबरतात आणि ‘रक्तावरच भागवा’ असा आग्रह धरतात. त्यांना हा फरक सांगितला की बहुतेक जण तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

रक्त साध्या, गोठू देणाऱ्या नळीत घ्यावे, सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग, वेगळे करावे आणि २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात पाठवावे. लाल रक्तपेशी फुटून तांबडा झालेला नमुना टाळावा, तसेच एकदा गोठवलेला नमुना पुन्हापुन्हा वितळवू नये.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र नळीत होत नाही, ती वेळेत होते. आयव्हीआयजी हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनते आणि त्या दात्यांची प्रतिपिंडे औषधाबरोबर रुग्णाच्या रक्तात उतरतात. प्लाझ्मा बदलण्याच्या उपचाराचा परिणाम उलटा असतो, कारण त्यात रुग्णाची स्वतःची प्रतिपिंडे धुऊन निघतात. म्हणून नमुना आधी घ्यावा आणि उपचार नंतर सुरू करावेत. एका रुग्णालयातून आमच्याकडे जीएडी६५ किंचित पॉझिटिव्ह आलेला अहवाल शंकानिरसनासाठी आला होता; फॉर्मवरचा उपचारांचा रकाना कोरा होता. फोन केल्यावर कळले की आयव्हीआयजीचा तिसरा डोस झाल्यावर कोणाला तरी पॅनेलची आठवण झाली होती. औषधाचा अंश उतरल्यावर घेतलेला नमुना निगेटिव्ह आला. तोवर त्या कुटुंबाचे ‘स्टिफ पर्सन’ हे, जीएडी६५ शी जोडलेल्या आणि स्नायू ताठरवणाऱ्या आजाराचे नाव इंटरनेटवर शोधून झाले होते.

प्रयोगशाळेत नेमके काय घडते

अहवालावर ‘पद्धत’ असा एक रकाना असतो आणि बहुतेक जण तो वाचतच नाहीत. पेशींच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे शोधण्यासाठी मानवी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या एचईके-२९३ पेशींमध्ये हव्या त्या रिसेप्टरचे जनुक घालतात, त्यावर रुग्णाचे सीरम किंवा सीएसएफ ओततात आणि फ्लुओरेसंट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रतिपिंडे असतील, तर ज्या पेशींत तो रिसेप्टर उतरला आहे त्या पेशी हिरव्या झळकतात आणि शेजारच्या नियंत्रण पेशी काळ्याच राहतात. शेजारीशेजारी दिसणारा हा फरक हाच पुरावा असतो.

हू, यो, री, मा२, सीव्ही२, अ‍ॅम्फिफायसिन यांसारख्या पेशींच्या आतल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे मात्र बहुतेक ठिकाणी एका अरुंद पट्टीवर तपासतात. पट्टीवर ही प्रथिने ओळीने चिकटवलेली असतात आणि जिथे प्रतिपिंड बसते तिथे काळपट रेघ उमटते; तिच्या गडदपणावरून सीमारेषेवरचा, एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस असा शेरा दिला जातो. ही पद्धत स्वस्त आणि सोपी आहे, पण फिकट रेघा निरोगी माणसांतही उमटतात. म्हणून पट्टीवर यो आले, तर उंदराच्या किंवा माकडाच्या लहान मेंदूच्या पातळ छेदावर त्याची खातरजमा करून मागावी. यो असेल, तर लहान मेंदूतील परकिंजे या मोठ्या चेतापेशींचा पेशीद्रव दाणेदार चमकतो. हू असेल, तर चेतापेशींची केंद्रके चमकतात आणि त्यांच्या आतली केंद्रिका काळी राहते. री प्रतिपिंडाचे चित्र मेंदूत हूसारखेच दिसते, पण आतड्याच्या भिंतीतील चेतापेशींना हू रंगवतो आणि री रंगवत नाही, म्हणून जाणकार त्याच काचेवर आतड्याचाही तुकडा ठेवतात. पट्टी पॉझिटिव्ह आणि मेंदूचा छेद निगेटिव्ह अशी स्थिती असेल, तर मी छेदावर विश्वास ठेवतो.

अहवाल हातात आल्यावर

पहिला प्रश्न असा की, सापडलेले प्रतिपिंड रुग्णाच्या लक्षणांशी जुळते का. एलजीआय१ चा ठसठशीत नमुना सांगतो: साठीचे गृहस्थ, दिवसातून कितीतरी वेळा चेहऱ्याचा आणि त्याच बाजूच्या हाताचा एक-दोन सेकंदांचा झटका, इतका छोटा की हातातला चहाचा कप हिसळतो आणि घरचे त्याला धांदरटपणा म्हणतात, सोबत स्मृती ढासळलेली आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत रक्तातले सोडियम कमी. असे चित्र असेल, तर अहवालाने तुमच्या संशयावर फक्त शिक्का मारला. हेच प्रतिपिंड चाळिशीतल्या बाईंच्या जुनाट डोकेदुखीत फिकट आले, तर त्याला फारसा अर्थ नाही.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. जीएडी६५ ची प्रतिपिंडे टाइप-१ मधुमेहातही असतात, पण ती अल्प प्रमाणात; मज्जासंस्थेच्या आजारात एलायझा या प्रमाण मोजणाऱ्या पद्धतीने ती बहुधा १०,००० एककांच्या पुढे जातात. मॉगच्या बाबतीतही कमी टायटरचा, म्हणजे अल्प प्रमाणाचा, निकाल इतर आजारांत दिसतो, म्हणून २०२३ च्या निकषांत कमी पॉझिटिव्ह निकालाला आधार देणारी ठोस लक्षणे मागितली आहेत.

तिसरा प्रश्न कर्करोगाचा, आणि इथे सर्व प्रतिपिंडांना एकाच मापाने मोजू नये. हू आणि सीव्ही२ फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाकडे बोट दाखवतात. यो स्तन आणि बीजांडकोशाकडे. मा२ तरुण पुरुषात वृषणाकडे. टीआर हॉजकिन लिम्फोमाकडे. या गटात कर्करोग असण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक धरली जाते. एनएमडीए रिसेप्टर, गाबा-बी आणि कॅस्पर२ मधल्या गटात येतात. एलजीआय१, जीएडी६५, अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग यांत कर्करोग क्वचित सापडतो, म्हणून ही नावे वाचून नातेवाईकांनी धसका घेण्याचे कारण नाही.

२०२१ च्या निकषांत यासाठी गुण दिले आहेत आणि ते कागदावर मांडून पाहणे उपयोगी पडते. पन्नाशीतल्या बाई सहा आठवड्यांत चालता येईनाशा झाल्या: लहान मेंदूचे हे चित्र अतिजोखमीचे, म्हणून ३ गुण. यो पॉझिटिव्ह आणि छेदावर खात्री झालेली: आणखी ३. स्कॅनमध्ये गाठ सापडली नाही, पण पाठपुरावा दोन वर्षांपेक्षा कमी झाला आहे: १. एकूण ७, म्हणजे ‘संभाव्य’. पुढच्या तपासणीत स्तनाचा कर्करोग सापडला, तर शेवटच्या रकान्यात १ ऐवजी ४ येतात, बेरीज १० होते आणि निदान ‘निश्चित’ ठरते. त्यासाठी किमान ८ गुण लागतात. सापडलेला कर्करोग प्रतिपिंडाशी न जुळणारा असेल, तर ते प्रथिन त्या गाठीत आहे हे दाखवल्याशिवाय ते ४ गुण घेता येत नाहीत.

गाठ शोधताना छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन, स्त्रियांत मॅमोग्राफी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुरुषांत वृषणाची सोनोग्राफी आणि त्यांतून काही हाती न लागल्यास पीईटी स्कॅन, असा क्रम साधारण असतो. आपल्याकडे पीईटीवर छातीतल्या लसिका ग्रंथी चमकल्या म्हणजे कर्करोगच, असे समजू नये. क्षयाच्या ग्रंथीही तशाच चमकतात, म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. अतिजोखमीचे चित्र किंवा प्रतिपिंड असेल आणि पहिला शोध रिकामा गेला असेल, तर तो दर चार ते सहा महिन्यांनी दोन वर्षे पुन्हा करावा लागतो. मेंदूची लक्षणे कर्करोगाच्या आधी येणे हे या आजारांत नेहमीचे आहे, म्हणून पुढच्या स्कॅनची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

वाट पाहू नये, आणि आकड्यामागे धावू नये

पॅनेलचा अहवाल यायला अनेक दिवस लागतात. संसर्ग वगळला गेला असेल आणि चित्र स्पष्ट असेल, तर तोवर स्टिरॉइड किंवा आयव्हीआयजी अडवून ठेवू नये; ऑटोइम्यून मेंदूज्वराचे २०१६ चे निकष प्रतिपिंडाच्या निकालाआधीही उपचार सुरू करण्याजोगे निदान करू देतात. पृष्ठभागावरच्या प्रतिपिंडांच्या आजारांत लवकर सुरू केलेल्या उपचाराला चांगला प्रतिसाद मिळतो. यो किंवा हूच्या आजारात मात्र खरी हानी रोगप्रतिकारक यंत्रणेच्या टी पेशी करतात आणि गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. तिथे प्रतिपिंड ही केवळ खूण असते आणि कर्करोग लवकर शोधून त्यावर उपचार करणे हाच मुख्य उपाय ठरतो. नातेवाईकांना हे स्पष्ट शब्दांत सांगणे अवघड जाते, पण सांगावे.

बरे झाल्यावर दर तीन महिन्यांनी ‘अँटिबॉडी किती उतरली’ हे पाहण्यासाठी रक्त पाठवण्याची प्रथा पडू लागली आहे. एनएमडीए रिसेप्टरची प्रतिपिंडे पूर्ण बऱ्या झालेल्या रुग्णातही दीर्घकाळ सापडू शकतात, त्यामुळे केवळ आकड्यासाठी औषधे वाढवू नयेत. लक्षणे परतली, तर रुग्णाला नव्याने तपासून सीएसएफ पुन्हा घ्यावे आणि शक्य असल्यास गोठवून ठेवलेल्या जुन्या नमुन्याबरोबर एकाच दिवशी, एकाच पद्धतीने ते तपासायला सांगावे. दोन वेगळ्या प्रयोगशाळांच्या टायटरांची तुलना करता येत नाही.